चोवीस प्लॉटवरचे बीटा रिग्रेशन: लाइकलिहूड रेशो चाचणीच्या पी-मूल्यावर किती भरवसा ठेवावा?

तांबेरा_२४ (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी वनस्पतिरोगशास्त्रात पीएच.डी. करीत आहे. सोयाबीनवरील तांबेरा रोगासाठी सहा वाण आणि चार ब्लॉक अशा नेहमीच्या आरबीडी मांडणीत (प्रत्येक ब्लॉकमध्ये प्रत्येक वाणाचा एक प्लॉट) मी प्रयोग घेतला. प्रत्येक प्लॉटमधील पानांच्या एकूण क्षेत्रफळापैकी किती भाग रोगग्रस्त आहे, हे प्रमाण मोजले आहे. म्हणजे माझ्याकडे एकूण २४ आकडे आहेत. सर्वांत कमी प्रमाण ०.०३ आणि सर्वांत जास्त ०.४१ आहे. शून्य किंवा एक कुठेही नाही.

आमच्या विभागात टक्केवारीच्या आकड्यांवर अँग्युलर ट्रान्सफॉर्मेशन (प्रमाणाच्या वर्गमूळाचा आर्कसाइन, अंशांत) करून एनोव्हा (तफावतीचे विश्लेषण) करण्याची आणि खाली सीडी (दोन सरासरींतील फरक खरा मानण्यासाठी लागणारे किमान अंतर) देण्याची प्रथा आहे. मी मात्र प्रमाणांसाठी मुद्दाम बनवलेले बीटा रिग्रेशन वापरले, कारण रूपांतरित अंशांपेक्षा मूळ प्रमाणाच्या सरासरीबद्दल बोलणे मला अधिक सरळ वाटते. आर या संगणकीय भाषेतील बीटारेग पॅकेज, लॉजिट लिंक (प्रमाण आणि उरलेला भाग यांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम), सर्व प्लॉटना एकच प्रिसिजन (आकडे सरासरीभोवती किती घट्ट आहेत याचे माप), आणि सरासरीच्या समीकरणात वाण व ब्लॉक असे मॉडेल आहे.

अडचण अशी की ‘वाणांमध्ये फरक नाही’ या शून्य परिकल्पनेसाठी तीन चाचण्या तीन वेगळी उत्तरे देत आहेत. वॉल्ड चाचणी सहगुणकांची तुलना त्यांच्या प्रमाणित चुकीशी करते, लाइकलिहूड रेशो वाण असलेले व नसलेले मॉडेल आकड्यांना किती जुळते याची तुलना करतो, आणि स्कोअर चाचणी केवळ वाण नसलेल्या मॉडेलवरून निर्णय देते. वॉल्ड सांख्यिकी १७.४ आली आणि पी-मूल्य (फरक नसतानाही सांख्यिकी इतकी मोठी येण्याची शक्यता) ०.००४, लाइकलिहूड रेशो १३.१ आणि पी-मूल्य ०.०२२, तर स्वतः फंक्शन लिहून काढलेली स्कोअर चाचणी १०.१ आणि पी-मूल्य ०.०७. तिन्ही ठिकाणी तुलना ५ मुक्तता-अंशांच्या (सहा वाण वजा एक) काय-स्क्वेअर वितरणाशीच केली आहे. पुस्तकात तर तिन्ही चाचण्या समतुल्य आहेत असे लिहिलेले आहे. मार्गदर्शकांचे म्हणणे असे की लाइकलिहूड रेशो सर्वमान्य आहे, तोच द्यावा आणि पुढे जावे. माझे मन मानत नाही. कोणते उत्तर द्यावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हा फरक पडतो कशामुळे?

वर्गमूळ

आपले मन मानत नाही, ते बरोबरच आहे. तिन्ही चाचण्या समतुल्य असतात त्या नमुना अनंताकडे जात असताना. विल्क्स यांचा १९३८ चा सिद्धांत लाइकलिहूड रेशोचे वाटप (वितरण) काय-स्क्वेअरकडे जाते एवढेच सांगतो. चोवीस प्लॉटवर ते त्याच्या किती जवळ पोहोचले आहे, याबद्दल तो काहीही सांगत नाही. आपल्या मॉडेलमध्ये सरासरीसाठी ९ सहगुणक आहेत (एक स्थिरांक, वाणांचे ५, ब्लॉकचे ३) आणि शिवाय एक प्रिसिजन. दहा अज्ञात राशी आणि चोवीस आकडे, हा हिशेब ‘अनंत’ या शब्दापासून फार दूरचा आहे.

फरक किती मोठा असू शकतो, हे क्षणभर बीटा रिग्रेशन बाजूला ठेवून पाहू, कारण साध्या नॉर्मल मॉडेलमध्ये हे गणित कागदावर अचूक करता येते. समजा हीच मांडणी आहे, सहा वाण आणि चार ब्लॉक, पण आकडे नॉर्मल आहेत. तिथे वाणांसाठी एफ चाचणी असते, ५ आणि १५ मुक्तता-अंशांची, आणि ती अचूक असते. लाइकलिहूड रेशो हा त्याच एफचा दुसरा पोशाख आहे: एफला ५ ने गुणावे, १५ ने भागावे, त्यात १ मिळवून नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यावा आणि त्याला २४ ने गुणावे. आता काय-स्क्वेअरच्या तक्त्यातील ५ टक्क्यांची मर्यादा ११.०७ आहे. हे सूत्र उलटे फिरवले तर ११.०७ म्हणजे एफ सुमारे १.७६. एफच्या तक्त्यात मात्र ५ टक्क्यांची मर्यादा २.९० आहे. वाणांमध्ये काडीचाही फरक नसताना एफ १.७६ च्या वर जाण्याची शक्यता मी मोजली, ती १८.२ टक्के आली. म्हणजे ‘५ टक्के पातळीवर’ असे लिहिणारा संशोधक प्रत्यक्षात १८ टक्क्यांच्या पातळीवर चाचणी करीत असतो, आणि त्याला त्याची कल्पनाही नसते.

आरबीडीचे विश्लेषण करताना हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तिथे आपण सगळेच एफ वापरतो आणि चुकीच्या तक्त्याकडे जाण्याची वेळच येत नाही. बीटा रिग्रेशनमध्ये एफसारखी अचूक चाचणी उपलब्ध नाही, म्हणून आपण निमूटपणे काय-स्क्वेअर घेतो.

कारण काय, तर वाण व ब्लॉक यांचे नऊ सहगुणक आकड्यांना जवळ ओढून घेतात आणि उरलेली तफावत खऱ्यापेक्षा लहान दिसते. नॉर्मल मॉडेलमध्ये महत्तम लाइकलिहूड (हाती आलेले आकडे सर्वाधिक संभाव्य ठरतील असे प्राचल निवडण्याची पद्धत) अवशिष्ट वर्गांच्या बेरजेला २४ ने भागते, भागायला हवे होते १५ ने. त्यामुळे अंदाजित व्हेरियन्स सरासरीने खऱ्याच्या ०.६२५ पट भरतो. बीटा रिग्रेशनमध्ये हाच दोष प्रिसिजन फुगण्याच्या रूपाने दिसतो.

वॉल्ड मोठी, लाइकलिहूड रेशो मधला आणि स्कोअर सर्वांत लहान, हा क्रमही योगायोग नाही. रेषीय नॉर्मल मॉडेलमध्ये हा क्रम बीजगणितानेच ठरलेला असतो. बीटा रिग्रेशनमध्ये त्याची हमी नाही, पण लहान नमुन्यात तो वारंवार दिसतो.

बांधावरून

वरील उत्तर वाचले आणि पटले, परंतु चाचणी दुरुस्त करण्यापूर्वी आकडे कसे आले हे विचारणे मला अधिक निकडीचे वाटते. मी अनेक वर्षे असे प्रयोग पाहत आलो आहे आणि ‘टक्केवारी’ या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

शंभर झाडांपैकी किती झाडांना रोग लागला, ही मोजणी आहे. तिथे छेद ठाऊक असतो, आणि त्यासाठी बायनॉमियल, क्वासी-बायनॉमियल किंवा बीटा-बायनॉमियल मॉडेल योग्य ठरते. पानाच्या क्षेत्रफळाचा किती भाग व्यापला, हे सलग प्रमाण आहे आणि तिथे बीटा रिग्रेशन शोभते. आपले दुसऱ्या प्रकारचे दिसते, म्हणून निवडीला माझा आक्षेप नाही. मात्र प्रत्येक प्लॉटमधून दहा-वीस पाने घेतली असतील, तर विश्लेषणाचे एकक प्लॉट आहे, पान नव्हे, हे कृपया तपासावे. पानांची संख्या धरून नमुना चारशेच्या घरात नेला की लहान नमुन्याचा प्रश्न मिटल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात तो फक्त झाकला जातो. आपण २४ च धरले आहेत, हे पाहून बरे वाटले.

दुसरे, शून्ये नाहीत हे आपले नशीब. शून्ये असती तर बहुतेक जण स्मिथसन आणि व्हर्क्युलेन यांनी २००६ मध्ये सांगितलेली युक्ती करतात, म्हणजे आकड्याला नमुन्यापेक्षा एक कमी संख्येने गुणून त्यात अर्धा मिळवायचा आणि नमुन्याच्या संख्येने भागायचे. चोवीस आकड्यांवर ही युक्ती निरुपद्रवी राहत नाही. शून्य टक्क्यांचा प्लॉट २.१ टक्क्यांचा होतो आणि १ टक्क्याचा प्लॉट सुमारे ३ टक्क्यांचा. लॉजिट मापावर हे बदल मोठे असतात.

अँग्युलर ट्रान्सफॉर्मेशनला इतके हिणवू नये, असेही मला वाटते. त्यातील अंशांचा अर्थ लावणे कठीण, हे मान्य. पण त्यानंतर येणारी एफ चाचणी १५ मुक्तता-अंश प्रामाणिकपणे मोजते, आणि आपल्या नव्या मॉडेलच्या चाचणीने नेमका तोच प्रामाणिकपणा गमावला आहे.

कागदपेन्सिल

‘बांधावरून’ यांचा शेवटचा टोला मला आवडला, पण बीटा रिग्रेशन सोडण्याची गरज नाही. चाचणीची दुरुस्ती करता येते आणि तिचा इतिहास कृषी संशोधनाला अपरिचित नाही.

आपण सर्व जण दोन-तीन वर्षांचे किंवा ठिकाणांचे आकडे एकत्र करण्यापूर्वी ‘बार्टलेट टेस्ट’ करतो, एरर व्हेरियन्स सारखे आहेत का हे पाहण्यासाठी. त्या सूत्राच्या खाली एक विचित्र भाजक असतो, एक अधिक काही अपूर्णांक, आणि तो का आहे हे वर्गात सहसा सांगितले जात नाही. तोच बार्टलेट दुरुस्तीचा मूळ नमुना आहे. एम. एस. बार्टलेट यांनी १९३७ मध्ये ती चाचणी मांडली तेव्हा ते इंग्लंडमधील जेलॉट्स हिल येथील कृषी संशोधन केंद्रात काम करीत होते. लाइकलिहूड रेशोची सरासरी काय-स्क्वेअरच्या सरासरीइतकी, म्हणजे मुक्तता-अंशांइतकी असायला हवी. ती जितक्या पटीने जास्त असेल तितक्या पटीने सांख्यिकीला भागायचे, इतकी ती कल्पना साधी आहे. लॉली यांनी १९५६ मध्ये दाखवले की असे भागल्याने केवळ सरासरीच नव्हे तर सगळे वाटपच काय-स्क्वेअरच्या जवळ येते. चूक पूर्वी नमुन्याच्या व्यस्त प्रमाणात घटत होती, ती आता वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते.

‘वर्गमूळ’ यांच्याच उदाहरणात ही दुरुस्ती मी करून पाहिली. सहा वाण आणि चार ब्लॉकांच्या नॉर्मल मॉडेलमध्ये, फरक नसताना लाइकलिहूड रेशोची अचूक सरासरी ५ ऐवजी ७.३२ येते. म्हणजे भाजक १.४६४. त्याने भागून पुन्हा ११.०७ शी तुलना केली, तर चुकीने परिकल्पना नाकारण्याची शक्यता १८.२ टक्क्यांवरून ५.०४ टक्क्यांवर येते. एका भागाकाराकडून याहून अधिक अपेक्षा करता येणार नाही.

बीटा रिग्रेशनमध्ये हा भाजक काढणे एवढे सोपे नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. फेरारी आणि क्रिबारी-नेतो यांनी २००४ मध्ये आज प्रचलित असलेली मांडणी दिली. त्यात वाटपाची सरासरी आणि प्रिसिजन हे दोन प्राचल असतात, आणि व्हेरियन्स म्हणजे सरासरी गुणिले (एक वजा सरासरी), भागिले (एक अधिक प्रिसिजन). दिसायला हे सामान्यीकृत रेषीय मॉडेलसारखे आहे, पण तिथे सहगुणक आणि प्रिसिजन परस्परांशी ऑर्थोगोनल असतात, इथे ते नसतात. एकाच्या अंदाजातील चूक दुसऱ्यात झिरपते. त्यामुळे कोर्देइरो यांनी १९८३ मध्ये सामान्यीकृत रेषीय मॉडेलसाठी काढलेला भाजक इथे जसाच्या तसा चालत नाही. बायर आणि क्रिबारी-नेतो यांनी २०१३ मध्ये स्थिर प्रिसिजनच्या बीटा रिग्रेशनसाठी तो नव्याने काढला. त्याआधी २०११ मध्ये फेरारी आणि पिन्हेइरो यांनी स्कोवगार्ड यांच्या पद्धतीची दुरुस्ती दिली होती, जिला लॉग-लाइकलिहूडचे तिसऱ्या-चौथ्या क्रमाचे क्युम्युलंट (वाटपाचा आकार सांगणाऱ्या राशी) लागत नाहीत. या विषयातील बराचसा पाया ब्राझीलमध्ये, रेसिफे आणि साओ पाउलो येथील विद्यापीठांत घातला गेला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही.

प्रिसिजन किती फुगते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण बीटारेग पॅकेजमध्येच आहे. प्रेटर यांच्या १९५६ च्या आकड्यांत कच्च्या तेलाचा किती भाग पेट्रोल बनतो याची ३२ निरीक्षणे आहेत, दहा प्रकारच्या कच्च्या तेलांवर वेगवेगळ्या तापमानांना घेतलेली. सरासरीसाठी ११ सहगुणक. महत्तम लाइकलिहूडने प्रिसिजन ४४०.३ येते, आणि बायस (अंदाजाचा एकाच बाजूला जाणारा कल) दुरुस्त केला की २६१.२. तापमानाच्या सहगुणकाची प्रमाणित चूक ०.०००४१ वरून ०.०००५३ होते. सहगुणक स्वतः जवळजवळ हलत नाही, ०.०१०९७ चा ०.०१०९४ होतो. म्हणजे अंदाज ठीक आहे, आत्मविश्वास तेवढा खोटा आहे. आपली वॉल्ड चाचणी सर्वांत फुगलेली का आहे, हे यावरून कळावे. त्याच पॅकेजात टाइप या पर्यायाला ‘बीसी’ (बायस करेक्टेड) किंवा ‘बीआर’ (बायस रिड्यूस्ड) दिले की हा बायस दुरुस्त होतो आणि वॉल्ड चाचणी पुष्कळ सुधारते, मात्र लाइकलिहूड रेशो त्याने सुधारत नाही, कारण तो मुळात महत्तम लाइकलिहूडवरच उभा असतो.

आपण काय करावे, तर माझे मत स्पष्ट आहे: पॅरामेट्रिक बूटस्ट्रॅप, म्हणजे बसवलेल्या मॉडेलमधून संगणकाने पुन्हापुन्हा कृत्रिम आकडे काढून सांख्यिकीचे वाटप पाहणे. २०१३ चे सूत्र मॅट्रिक्समध्ये लिहून काढणे शक्य आहे, पण त्यात एखादे चिन्ह चुकले तर ते कोणाच्या लक्षात येणार नाही. बूटस्ट्रॅपमध्ये चूक लपत नाही. आधी केवळ ब्लॉक असलेले, वाण नसलेले मॉडेल बसवावे. हा मुद्दा निसटतो, पण शून्य परिकल्पना खरी असतानाचे जग हवे आहे, म्हणून आकडे त्याच मॉडेलमधून निर्माण झाले पाहिजेत. प्रत्येक प्लॉटसाठी त्या मॉडेलची सरासरी गुणिले प्रिसिजन, आणि (एक वजा सरासरी) गुणिले प्रिसिजन, हे बीटा वाटपाचे दोन आकार-प्राचल घेऊन नवे २४ आकडे काढावे, त्यांवर दोन्ही मॉडेले पुन्हा बसवावी आणि लाइकलिहूड रेशो नोंदवावा. असे १९९९ वेळा. मूळ १३.१ किंवा त्याहून मोठे किती वेळा आले ते मोजावे, त्यात एक मिळवावा आणि २००० ने भागावे. हे झाले बूटस्ट्रॅप पी-मूल्य. याच १९९९ मूल्यांच्या सरासरीला ५ ने भागले की बार्टलेटचा भाजकही हाती येतो. रॉक यांनी १९८९ मध्ये वेगळ्या प्रकारच्या रिग्रेशनसाठी ही वाट दाखवली होती. भाजकासाठी शे-दोनशे पुनरावृत्तींनीही भागते, कारण सरासरीचा अंदाज शेपटीच्या अंदाजापेक्षा लवकर स्थिरावतो. आज संगणकाला दोन हजार जड नाहीत, म्हणून दोन्ही काढावे आणि शेजारी ठेवावे.

तांबेरा_२४

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘बांधावरून’ सरांच्या शंकेबद्दल: प्रत्येक प्लॉटमधील वीस पानांचे मिळून एकच प्रमाण घेतले आहे, पान हे एकक नाही.

बूटस्ट्रॅप काल रात्री चालवला. १९९९ पैकी २१३ वेळा मूल्य १३.१ किंवा त्याहून मोठे आले, म्हणजे पी-मूल्य ०.१०७. मूल्यांची सरासरी ७.२ आली, म्हणजे भाजक १.४४, आणि दुरुस्त लाइकलिहूड रेशो सुमारे ९.१. त्याचे काय-स्क्वेअरनुसार पी-मूल्यही ०.१०५ च्या आसपास येते. नॉर्मल मॉडेलचा १.४६४ आणि माझा १.४४ इतके जवळ असतील, असे वाटले नव्हते.

दोन शंका उरल्या आहेत. आकडे निर्माण करताना मी फुगलेले प्रिसिजनच वापरले, मग बूटस्ट्रॅपमध्येही तोच दोष शिरला नाही का? आणि दुसरी, रोगप्रतिकारक वाणांत प्रमाणे एकमेकांच्या फार जवळ आहेत, तर प्रत्येक वाणाला वेगळे प्रिसिजन द्यावे का?

कागदपेन्सिल

पहिली शंका रास्त आहे. फुगलेल्या प्रिसिजनमुळे निर्माण झालेले आकडे खऱ्यापेक्षा कमी विखुरलेले असतात, हे खरे. पण लाइकलिहूड रेशो दोन मॉडेलांची तुलना असल्याने त्याचे वाटप प्रिसिजनच्या प्रत्यक्ष किमतीवर फारसे अवलंबून राहत नाही. नॉर्मल मॉडेलमध्ये तर अजिबातच राहत नाही, तिथे व्हेरियन्स छेदून जातो. खात्रीसाठी वाण नसलेले मॉडेल ‘बीआर’ ने बसवून त्याच्या प्रिसिजनने एकदा आकडे निर्माण करून पाहावे. दोन्ही पी-मूल्ये जवळपास सारखी आली तर विषय संपला.

दुसऱ्याबाबत मी सावध राहीन. प्रत्येक वाणाचे चार प्लॉट, आणि त्या चार आकड्यांतून एक वेगळे प्रिसिजन. ते जवळजवळ हवेत काढलेले असेल. बदलत्या प्रिसिजनसाठी गेदेस, क्रिबारी-नेतो आणि एस्पिन्हेइरा यांनी २०२१ मध्ये बार्टलेट दुरुस्ती दिली आहे, पण सहा प्रिसिजन आणि नऊ सहगुणक मिळून पंधरा राशी चोवीस आकड्यांवर लादल्या तर मूळ आजारच बळावतो. शिवाय लक्षात घ्यावे की प्रमाण शून्याकडे सरकले की बीटा वाटपाचा व्हेरियन्स आपोआप घटतो. प्रतिकारक वाणांचे आकडे जवळ असण्याचे बरेचसे स्पष्टीकरण तेवढ्याने मिळेल. अवशेषांचा (प्रत्यक्ष आकडे आणि मॉडेलचे अंदाज यांतील फरकांचा) आलेख पाहूनच पुढचा निर्णय घ्यावा.

बांधावरून

मार्गदर्शकांना हे सांगताना ‘फरक नाही’ असे मात्र सांगू नये. ०.१०७ चा अर्थ चार ब्लॉकांत फरक सिद्ध होण्याइतका पुरावा नाही, एवढाच आहे. पुढच्या हंगामात ब्लॉक वाढवता येत असतील तर सहा किंवा आठ करावेत.

वर्गमूळ

प्रबंधात तिन्ही मूळ चाचण्या आणि बूटस्ट्रॅप, सगळे एका तक्त्यात द्यावे. स्कोअर चाचणी वगळू नये. सी. आर. राव यांनी १९४८ मध्ये मांडलेली ती चाचणी आपल्या तिघींपैकी बूटस्ट्रॅपच्या सर्वांत जवळ होती, आणि तिला केवळ वाण नसलेले मॉडेल बसवावे लागते. तक्त्याखाली पुनरावृत्तींची संख्या, वापरलेला सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारी संख्या) आणि किती वेळा मॉडेल बसले नाही, हेही नोंदवावे. प्रमाणे ०.०३ इतकी लहान असताना निर्माण केलेल्या नमुन्यांपैकी काही ठिकाणी गणन अडकते. अशा नमुन्यांना गुपचूप वगळले आणि ते नेमके मोठ्या मूल्यांचे असले, तर ०.१०७ हा आकडाही खरा राहत नाही.

तांबेरा_२४

एकूण सहा वेळा मॉडेल बसले नाही. ते नमुने मी नव्याने काढले होते. आता त्या सहांना ‘१३.१ पेक्षा मोठे’ धरून पुन्हा मोजले: २००५ पैकी २१९, म्हणजे एक मिळवून ०.११०. तक्त्याखाली दोन्ही आकडे लिहिते.